यशवंतचं ‘आखीन?’

यशवंत गेल्याचा फोन आला, तेव्हा मी साकोलीच्या बसस्थानकावर शेजारच्या अनोळखी माणसाला धानावरच्या तुडतुड्यांविषयी व्याख्यान देत होतो. त्यानं काही विचारलंही नव्हतं. फोनवर यशवंतची बायको, शोभावहिनी, एवढंच म्हणाली, ‘‘भाऊजी, हे गेले जी.’’ मी लगेच ‘‘बीपी वाढलं असेल, डॉक्टरांना आधीच...’’ असं सुरू केलं आणि तिनं फोन ठेवला. या गोष्टीला आता दीड महिना झाला. त्या अर्ध्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

आम्ही दोघं एकाच वर्षी कृषी सहायक म्हणून लागलो. एकोडी हे गाव आमच्याकडे होतं. पदविका ताजी, तोंड त्याहून तिखट. पहिल्याच पावसाळ्यात आम्ही काशीबाईच्या बांधीत, म्हणजे तिच्या धानाच्या वाफ्यात, बारा दिवसांची कोवळी रोपं, इथले पऱ्हे, दोरी धरून लावून दाखवायचं ठरवलं. काशीबाई एकटी बाई, तिची सगळी शेती म्हणजे त्या दोन बांध्या. बांधावर उभी राहून ती म्हणाली, ‘‘सायेब, ही बांधी खोलगट आहे. तलाव भरला का...’’ मी तिला तिथंच तोडलं. ‘‘पाणी काढून टाकायचं, बाई. सोपं आहे.’’ यशवंतनंही माझ्याच बाजूनं मान डोलावली. आठ-दहा दिवसांत गावचा तलाव भरून वाहू लागला, पाणी बांधीत येऊन बसलं ते हटेना, आणि ते बोटभर पऱ्हे आतल्या आत कुजले. दुसऱ्यांदा लावायला पऱ्हे उरले नव्हते. त्या वर्षी काशीबाईच्या चुलीवर घरचा तांदूळ शिजला नाही. मी अहवालात ‘अतिवृष्टी’ लिहून मोकळा झालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं शहाणे आम्ही होतो आणि बैल रिकामा राहिला तो काशीबाईचा.

यशवंतच्या मनातून ते गेलं नाही. पुढच्या रोवण्याच्या वेळी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. ‘‘मावशी, मले रोवणं शिकवा.’’ आणि खरोखरच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बायांच्या ओळीत शेवटी उतरला. रोवताना मागं मागं सरकायचं असतं. हा पुढं जाई आणि आपलेच रोवलेले पऱ्हे तुडवी. बाया हसून हसून बेजार. काशीबाईनं त्याचे पऱ्हे तीनदा उपटून परत हातात दिले. ‘‘असे दाबू नोका, सायेब. बोटानं सरकवा.’’ चार दिवस तो चिखलात वाकून होता आणि मी बांधावर छत्री धरून. ‘‘अरे, साहेब आहेस तू!’’ मी ओरडलो. तो वर न बघता म्हणाला, ‘‘म्हणूनच तर काही येऊन नाही राहिलं मले.’’

तिथून त्याला ती खोड लागली. कुणी बोलून थांबलं, की हा लगेच तोंड उघडत नसे. जरा वेळ तसाच बसे... मग हळूच विचारी, ‘‘आखीन?’’ आणखी काही आहे का? माणसाच्या पोटातली खरी गोष्ट बहुतेक त्यानंतरच बाहेर येई. तलावावर मासे धरणारा ढिवर असो की त्याची स्वतःची सून, सगळ्यांपुढं तो विद्यार्थीच. मला या गोष्टीचा राग यायचा. एकदा चिडून विचारलं, ‘‘तुला स्वतःला काही येतं की नाही?’’ तर म्हणाला, ‘‘तू लोकायचं ऐकत नाही रे. आपली पाळी कधी येते, हेच पाहून राहतो.’’ महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही.

गेल्या वर्षी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. साठी उलटलेला माणूस वहिनीसमोर बसून मीठ, दार, गाय असे शब्द पुन्हा शिकू लागला. चुकला की परत पहिल्यापासून. मला ते बघवत नसे, म्हणून मी जाणं टाळत राहिलो. दुसरं काही नाही, भ्यालो होतो. शेवटी एकदा कळवून गेलो. अंगणात निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत तो दाढी करून बसला होता. मी नेहमीप्रमाणे खूप बोललो. थांबलो, तेव्हा तोही नेहमीसारखा थांबला. मग त्याचे ओठ हलू लागले. मानेची शीर फुगली, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द काही सुटेना... मला सहन होईना. ‘‘राहू दे, यशवंत. समजलं मला,’’ म्हणालो, खांदा थोपटला आणि बस गाठली. मला काहीही समजलं नव्हतं.

परवा त्याच्या घरी गेलो. खुर्ची तिथंच आहे, कुणी तिच्यावर बसत नाही. वहिनी म्हणाली, ‘‘तुमी येनार म्हनून आठ दिवसापासून एकच गोष्ट घोकत होते. मले सांगे नाही. तुमच्याच समोर बोलनार होते.’’ मग ती थांबली. सांत्वनाची तीन वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. ती गिळली. खुर्चीकडे बघत बसलो, किती वेळ कोण जाणे. शेवटी कसंबसं विचारलं, ‘‘आखीन?’’

वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

‘‘तुमी गेल्यावर लय रडले जी. मंग बोलनं शिकाचंच सोडलं त्यायनं.’’