मारलं ते फरशीला

महाळुंग्यात बाराव्या मजल्यावर एक जपानी जोडपं राहतं. त्यांच्याकडे मी दीड वर्षापासून स्वयंपाकाला आणि त्यांची अडीच वर्षांची मुलगी सांभाळायला जाते. मॅडम आतल्या खोलीत संगणकावर काम करतात. त्या कमी बोलतात आणि मी बोलतच नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं होतं. अडलंच तर त्या फोनशी जपानीत बोलायच्या आणि फोन मला मराठीत सांगायचा.

एका मंगळवारी मुलगी हॉलमध्ये पळता पळता पडली. मी ओट्याशी होते. धावत गेले आणि आपल्याकडे करतात तेच केलं. फरशीवर दोन सणसणीत चापट्या मारल्या आणि म्हणाले, "मुंगी मेली बघ, मुंगी मेली!" माझी दोन्ही पोरं यावर गप्प व्हायची. ही आणखी मोठ्यानं रडली. मॅडम बाहेर आल्या तेव्हा माझा हात वर होता. त्यांनी मुलीला उचललं, तिचा लाल झालेला गाल बघितला, आत गेल्या आणि दार लावलं.

संध्याकाळी निघताना मी फोनला सांगून बघितलं की ती पडली आणि मी मुंगी मेली म्हणत होते. फोन जपानीत काय बोलला ते देव जाणे. मॅडमनी वाकून सोफ्याखाली बघितलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीचा फवारणीवाला येऊन घरभर औषध मारून गेला.

त्या दिवसापासून मुलगी माझ्याकडे दिली नाही. मॅडम अंघोळीलासुद्धा तिला सोबत न्यायच्या. मला कोणी रागावलं नाही, काढून टाकलं नाही, चहा पूर्वीसारखाच मिळत होता. पण त्या घरात मी मूल मारणारी बाई होते. आमच्या गावात, नेऱ्यात, कोणी असं म्हणालं असतं तर मी चार बायका साक्षीला उभ्या केल्या असत्या. बाराव्या मजल्यावर कोणाला उभं करणार?

माझी मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणाली, "फोनवर जपानी शिकवणाऱ्या बाया असत्यात. समोरासमोर बोलायचं. पहिला तास फुकट हाय."

"मला न्हाई जमायचं. चौथी शिकलेय मी."

"मग ऱ्हा मूल मारणारी."

तिनं फोन पुढं केला. सोयरीक जमवताना मुलींचे फोटो बघतात तसे बायांचे फोटो होते. खाली गुणांच्या चांदण्या. मी सगळ्यात म्हातारी निवडली, कारण तिच्या मागच्या पडद्याला इस्त्री नव्हती.

रविवारी दुपारी चारला बाई फोनवर आली. तिच्याकडे रात्र झालेली होती. मी पदर सारखा केला आणि खाली बघत बसले. बाईनं काहीतरी विचारलं. मुलगी इंग्रजीत बोलून मला सांगत होती.

"छंद विचारतीय तुझा."

"न्हाई म्हणून सांग."

"आई, असं न्हाई सांगत. भाकरी सांगते." बाईनं ते वहीत लिहून घेतलं.

मग मुलीनं तिला सगळी हकीकत सांगितली. बाई बराच वेळ मान हलवत होती. तिच्याकडे मूल पडलं की दुखण्याला म्हणतात, उडून जा, आणि हात हवेत उडवतात. मारत कोणालाच नाहीत. तरी तिला माझं पटलेलं दिसलं. तिनं मला दोन वाक्यं दिली. "युका ओ तताकिमाश्ता", म्हणजे फरशीला मारलं. "ओकोसान वा तताइते इमासेन", म्हणजे मुलीला मारलेलं नाही.

मी म्हटली. बाईनं ऐकू न आल्यासारखा कानामागे हात धरला. पुन्हा म्हटली. पुन्हा कान. शेवटी तिनं खूण केली, मारूनच दाखवा. मी फरशीवर चापट मारली आणि वाक्य म्हटलं. तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावरून सासूबाई ओरडल्या, "अगं ए, एवढ्या घोडीला कशापायी मारतीयास?"

मुलगी हसून लोळायला लागली. मला हसू आलं नाही. घरच्या म्हातारीला आवाजावरून कळलं नाही, तर त्या मॅडमना काय कळणार!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दार उघडलं आणि चप्पल काढायच्या आधी मी दोन्ही वाक्यं म्हणून टाकली. दोनदा म्हटली. मॅडमनी फोन काढला. फोन म्हणाला, "फरशीला का मारले?"

याचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. तास संपला होता.

मी चप्पल काढली, पिशवी ठेवली. हॉलच्या मधे गेले, दोन पावलं पळाले आणि धपकन खाली बसले. तोंडानं रडल्याचा आवाज काढला. मग फरशीला चापट मारली, बोट दाखवून तिला रागावले आणि रडायची थांबले. आयुष्यात मी चारचौघांत कधी उखाणासुद्धा धड घेतला नाही. मॅडम हसल्या असत्या तर मी उठून तशीच नेऱ्याला आले असते.

त्या हसल्या नाहीत. "आऽऽ" असा लांब आवाज केला आणि आत गेल्या. मी उठून भाजी चिरायला घेतली.

पुढचे दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी मॅडम टॉवेल घेऊन एकट्याच अंघोळीला निघाल्या. मुलगी हॉलमध्येच खेळत होती. अंघोळीचं दार आधी उघडं राहिलं. मी सुरी बाजूला सारली, ओट्यापासून हलले आणि मुलीजवळ जाऊन बसले. थोड्या वेळानं दार ओढल्याचा आवाज आला, आणि मग आतून कडी लागल्याचा.