नुसते शब्द ऐकल्यावर

‘दोषी’ म्हणायला व्हर्ना स्टुट्झमनचा हात ज्यूरीतल्या बाकीच्या अकरा जणांबरोबर वर गेला खरा, पण नंतर तिला सँडविचचा घास गिळेना. ज्यूरीनं दोषी म्हटलं की बावीस वर्षांचा कॉरी लँट्झ जन्मभर आत जाणार होता. ओहायोतल्या त्या गावाच्या लाडक्या फुटबॉल प्रशिक्षकाचा मैदानावर झालेला खून, बाहेर टीव्हीवाल्यांची जत्रा, आणि साक्षीदार दोन. साडेसहाला कॉरी मैदानामागच्या फाटकातून पळाला, असं दातांचा डॉक्टर सांगत होता. साडेसहाला तो आपल्या काउंटरपाशी होता, असं पेट्रोल पंपावरचा लॉनी म्हणत होता. डॉक्टर कडक इस्त्रीतला, ठाम. लॉनी तोतरा, घामाघूम.

व्हर्नानं एकतीस वर्षं हॉटेलात वेट्रेसचं काम केलेलं. ‘मी हे मागवलंच नव्हतं’ असं ठणकावून सांगणारं गिऱ्हाईकच बहुधा चुकलेलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक. तरी तीही इस्त्रीला भुलली! तिला स्वतःचीच लाज वाटली.

“मला दोघांच्या साक्षी परत ऐकायच्यात.”

“अहो बाई, दोन आठवडे झोपा काढल्यात का?” कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला ड्वाइट ओव्हरहोल्ट करवादला. “सगळ्यांचं ठरलंय ना!”

“ठरलेलं पक्कं असेल, तर तासाभरानं काही मोडत नाही.”

तिनं न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवली. सगळ्यांना पुन्हा कोर्टात बसवलं आणि लघुलेखिकेनं किराण्याची यादी वाचावी तशा आवाजात साक्षी वाचल्या. तिच्या आवाजात ना इस्त्री होती, ना तोतरेपणा.

डॉक्टरची साक्ष: “पाठमोरा होता. टोपी खाली ओढलेली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर फोटो दिसला, तेव्हा ओळखलं.”

लॉनीची साक्ष: “कॉरी संडासाची किल्ली घेऊन गेला होता. साडेसहाला माझी पाळी संपते, पण किल्ली आल्याशिवाय निघता येत नाही. त्यानं ती माझ्या हातात दिली, ‘थांबवलं तुला’ म्हणाला.”

“पाठमोऱ्या माणसाचा चेहरा डॉक्टरनं पाहिला कधी?” खोलीत परतल्यावर ड्वाइटनंच विचारलं. मग पुन्हा मत घेतलं. दोषी म्हणायला एकही हात उठला नाही.

निकाल ऐकून कॉरीची आई बाकावरच कोसळून रडली. व्हर्नाच्या छातीवरचं ओझं उतरलं. गाड्यांपाशी ड्वाइटनं तिला गाठलं.

“बाई, तुम्ही नसता ना, तर त्या पोराला आत टाकून मी आज पोटभर जेवलो असतो.”