बाहेरून लावलेली कडी

काचबिंदूनं माझी दृष्टी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे अंधांच्या एका संस्थेत मी बेकरीचं काम शिकले. नानखटाई, खारी, पाव, केक, सगळं. पण शिकून घरी आले तर दादा म्हणाला, "नोकरीबिकरी काही नको. बसची गर्दी, भट्टीची आग. घरी बस सुखानं."

मरोळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. आईबाबा गेलेले. दादा कारखान्यात, वहिनी ऑफिसात. दादा आधी निघायचा. मग वहिनी सिलिंडर बंद करायची, माझं ताट झाकून ठेवायची आणि जाताना दाराला बाहेरून कडी घालायची. दादाचा तसा हुकूमच होता. कडीचा तो आवाज झाला की मला उगाचच तहान लागायची.

शेजारच्या आंटींनी नवा ओव्हन घेतला आणि जुना मला दिला. विजेवरचा, ॲल्युमिनियमचा, गोल. त्यात जाळ नाही म्हणून दादानं हरकत घेतली नाही. मग माझे दिवस जरा बरे गेले. लोणी-साखर हातानं फेटायची, बोटांना साखर टोचेनाशी झाली की अंडी घालायची. केक ओला असतो तोवर आतून बारीक चुरचुरत राहतो, गप्प झाला की झाला. आख्खा केक खिडकीच्या गजांतून बाहेर जात नसे, म्हणून मी तो कापून एकेक तुकडा आंटींच्या हातात द्यायचे. त्या तो चाळभर वाटायच्या. "झकास झालाय," कुणीतरी गॅलरीतून ओरडायचं. मी आतून हसायचे.

एका दुपारी केक टाकला आणि थोड्या वेळानं रबर जळल्याचा वास आला. मग तडतड. ओव्हनची वायर पेटली होती. मी भिंतीवरून चाचपडत बटण बंद केलं, प्लग ओढून काढला. तोवर ओट्यावरचं प्लॅस्टिक धुमसायला लागलं होतं. मिठाचा आख्खा डबा त्याच्यावर पालथा केला आणि दाराकडे धावले. दार उघडेना. उघडणार कसं? खोकत खोकत मी दारावर थापा मारत राहिले. आंटी नळावर गेल्या होत्या. त्यांनी येऊन कडी काढली तेव्हा मी उंबऱ्यातच बसले.

संध्याकाळी दादानं ओव्हन उचलून भंगारवाल्याला दिला. "बघितलंस ना? म्हणून मी सांगत होतो!"

"दादा, आग मी विझवली," मी म्हटलं. "दार मला उघडता आलं नाही."

"उद्यापासून आंटींना लक्ष ठेवायला सांगतो."

म्हणजे कडी राहणारच होती. मी जेवले नाही. वहिनी नुसती भांडी घासत होती.

दुसऱ्या दिवशी दादा गेल्यावर ती चपला घालून दारात थांबली. माहेरच्या मालवणीत म्हणाली, "आतून घाल गो कडी. माका नाय जमूचा आता." आणि पायऱ्या उतरून गेली.

दार मोकळं होतं. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले आणि बाहेर पडलेच नाही. त्या दिवशी नाही, पुढचे कितीतरी दिवस नाही. गॅलरीत पाऊल टाकायचं म्हटलं की मी परत आत वळायचे. इतकी वर्षं दादाला दोष दिला आणि आता माझेच पाय उंबऱ्याशी अडत होते. स्वतःचाच राग यायचा, रडू यायचं.

शेवटी आंटीच एकदा वैतागून ओरडल्या, "अगं, अंडी फोडून ठेवलीत मी! येतेस की टाकून देऊ?"

कठड्याला धरून गेले. चार पावलांचं अंतर, घामाघूम झाले. त्यानंतर त्यांच्या नव्या ओव्हनवर मी रोज काही ना काही भाजू लागले. त्याहून लांब एकटी कधी गेले नाही. आमच्या घरातला सिलिंडर मात्र बंदच राहिला. संध्याकाळी दादा चहाबरोबर केक खायचा, कधी दुसरा तुकडाही मागायचा. तो कुठे भाजला हे त्यानं कधी विचारलं नाही.