माहेरवाशिणींची तपासणी

आमच्या भोकरदन तालुक्यात माझ्या आत्याचा सल्ला न मिळालेला माणूस शोधून सापडला नसता. सल्ला कुणाला मागावा लागत नसे. पिंपळगाव रेणुकाईला तिच्या ओट्यासमोरून जाणारा बैलाचं औषध आणायला निघालेला असो की सोयरीक जमवायला, आत्याचं ऐकल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. एकदा नव्या तलाठ्याच्या नुसत्या चालीवरून तिने मूळव्याध ओळखली आणि चारचौघांत त्याला ताक प्यायला सांगितलं. तो बिचारा पुढे मागच्या गल्लीने चावडीवर जाई. सल्ला चुकला तर? "म्या बराबर सांगितल्तं, त्यानंच अर्धं ऐकलं," म्हणून ती मोकळी!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी जिल्ह्याच्या शहरात, मस्तगड भागात राहून गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरच्या एका संशोधन प्रकल्पात नोकरी करत होते. बाईच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहणाऱ्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, पण त्याआधी तिथे पडणारा डाग वेळीच सापडला तर टळतो. तो खेड्यात कमी खर्चात शोधता येईल का, हे पाहायचं होतं. म्हणून गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. काही गावांना तपासणी, बाकीच्यांना नुसती माहिती. शास्त्राला तुलना लागते. चिठ्ठीत पिंपळगावला तपासणी आली आणि आत्याच्या लेकीच्या, सुमनताईच्या सासरगावाला भाषण.

पिंपळगावच्या बायका तपासणीच्या तंबूकडे फिरकेनात. तक्ते दाखवून प्रकल्पाच्या डॉक्टरीणबाईंचा घसा बसला. मग आत्या आली. तिने आधी बाईंचीच नाडी धरली, "अंगात रगत न्हाई तुह्या, गूळ-शेंगदाणे खात जाय," असं बजावलं आणि हळदीकुंकवासारखं घरोघर आवतन दिलं. नको म्हणेल तिच्या दारात बसकण मारली. दुसऱ्या दिवशी तंबूपुढे रांग! बाई खूश झाल्या. जरा घाईच केली त्यांनी.

कारण पुढच्या सकाळी रांगेत बाईंना सगळे अनोळखी चेहरे दिसले. आत्याने निरोप धाडून गावच्या लेकी माहेरपणाला बोलावल्या होत्या. सगळ्यात पुढे सुमनताई.

"मावशी, या इथल्या नाहीत. यांना तपासलं तर आमची तुलना बिघडेल," बाई म्हणाल्या.

"आमच्या लेकी आमच्या न्हाईत, त मंग कोनाच्या?"

"सासरी राहतात ना त्या!"

"नांदायला गेल्यात. इकून न्हाई टाकल्या."

बाईंनी भोकरदनहून वरिष्ठांना फोन केला. प्रकल्पाच्या नियमांत गरोदर बाई होती, आजारी बाई होती, माहेरी आलेली बाई कुठेच नव्हती. वरून नकार आला. तेव्हा आत्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सुमीच्या अंगावरून जातंय, बाई. पाळी नसली तरी. सासरी कोनाला बोलून न्हाई राह्यली."

"मग ही पेशंट आहे. हिला बघायला मला कुणाला विचारावं लागत नाही," बाई म्हणाल्या. हे ऐकताच रांगेतल्या प्रत्येकीला अचानक काही ना काही होऊ लागलं. बाईंनी आत्याकडे पाहिलं, हसू दाबलं आणि प्रकल्पाबाहेर सगळ्यांना तपासलं.

सुमनताईला डाग निघाला. वेळेत निघाला. शहरात उपचार झाले आणि ती बरी झाली. त्यानंतर बाई निरोप घ्यायला आल्या, तेव्हा आत्याने विचारलं, "सुमीला माय होती म्हून ती आली. तिच्या गावात ज्यायची माय न्हाई, त्यायनं कोनाच्या माहेरी यावं?"

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मी खाली बघत राहिले. माझी आई मी लहान असतानाच गेली होती.

"माह्याकडं या म्हनावं त्यायला," आत्याच म्हणाली.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुमनताईच्या सासरगावातल्या किती जणींपर्यंत हा निरोप पोचला, कोण जाणे.