अर्धा वाचलेला निकाल

"चौकशीला जायचंच नाही," असं मीच त्याला सांगितलं होतं. त्या सल्ल्यानं त्याची नोकरी गेली. सल्ला चुकीचा होता हे मला कळलं, त्यानंतरही कितीतरी महिने मी ते त्याच्यापासून लपवून ठेवलं.

चाकणच्या कंपनीत आम्ही दोघं एकाच प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या मशीनवर. तो लातूरकडचा, थेरगावात भाड्यानं राहणारा, माझ्याहून बराच लहान. हात आत गेला तर प्रेस थांबवणारा सेन्सर बिघडला होता म्हणून त्यानं मशीन चालवायला नकार दिला, त्यावरून सुपरवायझरशी बाचाबाची झाली आणि 'अंगावर धावून गेला' अशी चार्जशीट त्याच्या हातात पडली. अशा वेळी कंपनीतच चौकशी बसते आणि कामगाराची बाजू मांडायला त्याचाच एखादा सहकारी उभा राहू शकतो. त्यानं माझं नाव दिलं. मी चार माणसांत बरं बोलतो, कामगार कायद्याचे मेसेज ग्रुपवर टाकतो, म्हणून शॉपमध्ये मला 'वकीलसाहेब' म्हणत. खोटं कशाला सांगू, ऐकायला गोड वाटायचं.

चौकशीचे सगळे कागद इंग्रजीत होते. आम्ही मराठीत मागितले, तर "बघू नंतर" म्हणाले. त्याच सुमारास ग्रुपवर हायकोर्टाच्या एका निकालाचा सारांश आला. कामगाराला समजेल अशा भाषेत कागद दिले नाहीत तर चौकशी रद्द, अशा अर्थाच्या चार ओळी. मी त्या कॅन्टीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवल्या.

"मग पुढच्या तारखेला काय करायचं?" त्यानं विचारलं.

"जायचंच नाही. गेलो तर चौकशी मान्य केल्यासारखं होतंय."

"दादा, नक्की ना? लेकरं हायती घरी."

"अरे भावा, हायकोर्टाचा निकाल हाय. माझ्यावर सोड."

त्यानं माझ्यावर सोडलं. तो गैरहजर असतानाच चौकशी उरकली, आरोप सिद्ध ठरले आणि बडतर्फीचं पत्र घरी आलं. तो भाजीचा टेम्पो चालवायला लागला. त्याची बायको एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाऊ लागली.

केस लेबर कोर्टात गेली, तेव्हा युनियनच्या वकिलांनी मला एकच काम सांगितलं. "तो निकाल पूर्ण आणा. आणि तो अजून टिकून आहे का, तेही बघून या." निकाल टिकतो किंवा टिकत नाही, ही गोष्टच मला नवी होती.

सुट्टीच्या दिवशी सांगवीचा पूल ओलांडून मी विद्यापीठाच्या विधी विभागाच्या ग्रंथालयात गेलो. अंगात कंपनीचंच जर्किन. काउंटरवर ग्रंथपालबाई होत्या. त्यांनी विचारलं, "विद्यार्थी आहात?"

"नाही मॅडम, कंपनीत आहे." मी फोन पुढं केला. "हा निकाल पाहिजे."

त्यांनी चष्मा वर केला. "हा निकाल नाही हो. ही हेडनोट. निकालाच्या डोक्यावर संपादकानं लिहिलेला सारांश. हे म्हणजे पाकिटावरचं चित्र बघून शिरा कसा झालाय ते सांगणं."

मला राग आला होता. पण बाईंनी बाहेरच्या वाचकांचा परवानगी अर्ज पुढं केला, मला बसवलं आणि कोपऱ्यातल्या संगणकावर तो निकाल काढून दिला. इंग्रजी पानंच्या पानं. माझं शिक्षण आयटीआयचं. चेहरा बघून त्यांनी कायद्याच्या शब्दांचा इंग्रजी-मराठी कोश आणून शेजारी ठेवला. "हळू वाचा. इथं प्रॉडक्शनचं टार्गेट नसतं."

दुपारपर्यंत मी मधल्या एका परिच्छेदाशी येऊन थांबलो. त्या केसमधला कामगार प्रत्येक तारखेला हजर होता. मराठी कागद द्या, असं त्यानं दर वेळी लेखी दिलं होतं. म्हणून चौकशी रद्द झाली होती. स्क्रीनच्या बाजूला त्याच निकालाचा उल्लेख करणाऱ्या नंतरच्या निकालांची यादी होती. त्यातला एक उघडला. आपणहून चौकशीला न येणाऱ्याला नंतर भाषेची तक्रार करता येत नाही, असं तिथं स्पष्ट म्हटलं होतं.

बाई जवळ आल्या तेव्हा तोंडातून निघून गेलं, "मीच त्याला जाऊ नको म्हणालो होतो."

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "आपल्या विरुद्ध जाणारं आधी इथंच सापडलं, हे बरं झालं. कोर्टात हा अर्धा निकाल नेला असता, तर उरलेला अर्धा समोरच्या वकिलानं वाचून दाखवला असता. आता प्रश्न बदला. कामगार आला नाही, तर कंपनीला पुरावा द्यावाच लागत नाही का?"

'प्रश्न बदला' या दोन शब्दांसाठी मी त्या बाईंचा जन्मभर ऋणी आहे. मी मिळालेल्या उत्तरालाच चिकटून बसलो होतो.

मग बऱ्याच सुट्ट्या मी तिथं घालवल्या. आधी कलमावरचा भाष्यग्रंथ वाचायचा, मग डायजेस्टमध्ये, म्हणजे निकालांच्या विषयवार सूचीत, विषय शोधायचा, तिथं निकालाचा पत्ता मिळतो: वर्ष, खंड, पान. संगणकावर शोधताना पूर्ण वाक्प्रचाराला अवतरणचिन्हं लावायची, नाहीतर कचरा येतो. आणि निकाल आवडला की लगेच उड्या मारायच्या नाहीत, नंतर कोणी तो मोडीत काढलाय का ते बघायचं. हे सगळं बाईंनी मला शिकवलं, तेही परीक्षेला बसणाऱ्या मुलांना शिकवावं तसं, दया न दाखवता.

हवं ते सापडलं. कामगार गैरहजर असला तरी कंपनीला साक्षीदार तपासावेच लागतात. पुराव्याशिवाय काढलेला निष्कर्ष विपर्यस्त ठरतो, कोर्टात टिकत नाही. मी आमचे कागद पुन्हा उघडले. एकही साक्षीदार तपासलेला नव्हता. 'गैरहजर, सबब आरोप मान्य', एवढंच. मी निकाल पूर्ण वाचले, ते टिकून असल्याची खात्री केली आणि वकिलांना दिले. कोर्टानं चौकशी अयोग्य ठरवली. नव्यानं पुरावा देत बसण्याऐवजी कंपनीनं तडजोड केली आणि त्याला कामावर परत घेतलं.

शॉपमधल्या पोरांनी गेट मीटिंगमध्ये माझा शाल-नारळ देऊन सत्कार करायचं ठरवलं. मी पेढे घेऊन बाईंकडं गेलो.

"खाद्यपदार्थ बाहेर," त्या म्हणाल्या आणि बाहेर येऊन एक पेढा घेतला. मग विचारलं, "त्याला सांगितलंत का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

सत्काराच्या आदल्या दिवशी मी थेरगावला त्याच्या खोलीवर गेलो. वहिनी नुकत्याच कामावरून आल्या होत्या.

"या वकीलसाहेब," तो हसत म्हणाला. "उद्या भाषण तयार हाय ना?"

"मला शाल नको. तुझी नोकरी माझ्यामुळं गेली."

"काय बोलायलाव दादा? तुमीच तर परत मिळवून दिली."

मी निकालाचं सगळं सांगितलं. वहिनी चहाचं भांडं खाली ठेवून म्हणाल्या, "उभं राहून राहून माझे पाय सुजायचे, दादा. मी ह्यांनाच बोल लावायची, तुमी चौकशीला का गेला न्हाईत म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. मी हात जोडले.

"वहिनी, तो जायला तयार होता. मी अडवलं. मी चार ओळी वाचल्या आणि निकाल वाचल्याचा आव आणला. चूक कळली, तरी मोठेपण जाईल म्हणून तुम्हाला सांगितलं नाही, आणि बोलणी ह्याला खावी लागली. माझं चुकलं. तुम्ही दोघंही मला माफ करा."