बाईंनी न पाहिलेला देवमासा

शेजारच्या बाई वसमतच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. "बराबर ना?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढं बोलतात. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. सुट्टीत देवमासे बघायला त्यानं बाईंनाही नेलं. परतल्यावर त्यांनी गल्लीभर फोटो दाखवले. होडीला खेटून आलेला देवमासा, शेजारी मुलगा, सून, थोरली नात.

"यात तुमी कुठं?" मी विचारलं.

"तान्ह्या लेकराला होडीत घेत न्हाईत. मी त्याला घेऊन खोलीवर बसले, बराबर ना?"

काल माझ्यासमोरच मुलाचा फोन आला. "आई, यंदाही ये. देवमासे बघू."

"गुडघे दुखून राहिले रे."

"मग बाळाला कोण सांभाळेल?"

बाईंनी फोन बंद केला, धुण्याची बादली उचलली आणि कठडा न धरता भराभरा जिना चढून गेल्या.