हार घातलेला संगणक

कोल्हापुरात रक्तदात्यांची नावं जपणारं आमचं एक मंडळ होतं. कार्यालय म्हणजे एका दुकानावरचा माळा. दोन हजारच्या दशकाचे ते शेवटचे दिवस. नावं कुठल्याशा लांबच्या सर्व्हरवर असायची आणि रोज भरदुपारी त्यांची प्रत आपोआप आमच्या संगणकात उतरायची. ही जोडणी मी केली होती. तिकडं नाव वाढलं की इकडं वाढायचं, तिकडं पुसलं की इकडंही पुसलं जायचं. पडद्यावरची निळी पट्टी सावकाश भरत जायची, खिडकीतल्या उन्हानं डोळे जड व्हायचे, आणि कधीच न भेटलेली माणसं एकेक करून खोलीत येऊन बसतायत असं वाटायचं. मला ते फार आवडायचं.

त्या खंडेनवमीला आमच्या अध्यक्षकाकांनी सकाळीच संगणक बंद केला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. काका एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. पुजलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

"काका, दुपारची प्रत चुकंल की!" मी वैतागलो.

"चुकू दे. वरीसभर राबतंय, आज निजू दे त्याला."

मी पाय आपटत घरी गेलो.

दुपार कलली आणि दवाखान्यातून भाऊजींचा फोन आला. ताईला मुलगी झाली होती, पण रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाचं रक्त संपलेलं. मी नेट कॅफेत धावलो, यादी उघडली. पान रिकामं. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावला तर तोच रडकुंडीला आलेला. सकाळी सर्व्हरवरची जुनी माहिती साफ करताना त्याच्या हातून सगळी नावं उडाली होती.

मग आठवलं, आपला संगणक तर झोपलाय. ते रिकामं पान त्याच्यात उतरलेलंच नाही.

काकांना घेऊन माळ्यावर गेलो. त्यांनी हात जोडले, स्वतः हार काढून बाजूला ठेवला. "ऊठ बाबा, लेकीचं काम हाय." मी आधी नेटची वायर उपटली, नाहीतर चालू होताच त्यानं रिकामी यादी ओढून घेतली असती. मग बटण दाबलं. झेंडूच्या वासात सगळी नावं हळूहळू उगवली.

ओ निगेटिव्हचा पहिला माणूस शिरोळकडचा निघाला. फोनवर त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"येतो की. खरं आज गाडी पुजलीया, हार घातलाय." फोनमध्ये किल्ल्या खुळखुळल्या. "असू दे. पावणं, दवाखान्यात थांबा, निघालोच."

दवाखान्याच्या दारात त्याची मोटारसायकल आली, तेव्हा वाटेतल्या वाऱ्यानं फुलं सगळी उडवून नेली होती. हँडलला नुसता दोरा लोंबत होता.

ताई वाचली. तो दोरा मी त्याच्याकडून मागून घेतला आणि भाचीच्या पाळण्याला बांधला.